चार गोळ्या आणि एक अक्षर

१९९१च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाख होती. २००१ला ती पाच लाखांवर गेली आणि २०११ला आठ लाखांच्या पुढे. खाडी, मिठागरं आणि भातशेती यांच्यामध्ये वीस वर्षांत एवढं शहर उभं राहिलं, ते हजारो बिगाऱ्यांच्या आणि गवंड्यांच्या हातांनी. भाईंदर पूर्वेचं इंद्रलोक याच वाढीच्या काळातलं. इमारतीचा स्लॅब पडला की दुसऱ्या दिवशी त्यावर सिमेंटची आळी घालून पाणी भरून ठेवतात. काँक्रीट नीट पिकावं म्हणून हे पाणी आठवडा-दोन आठवडे तसंच उभं असतं. अॅनोफेलिस स्टीफेन्सी या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत जवळपास तेवढेच दिवस लागतात. खाली पत्र्याच्या खोलीत झोपलेल्या माणसाला तो चावतो, तेव्हा त्या माणसाच्या रक्तात हिवतापाचा परजीवी असेल तर त्याच्यासोबत एक इतिहासही येतो: तो परजीवी आजवर कोणकोणत्या औषधांतून तगला, त्याचं कूळ कुठलं. गेल्या पंचवीस वर्षांत हा इतिहास वाचता येऊ लागला आहे. औषध निकामी होत असल्याची बातमी आपल्याला आजवर नेहमी रुग्णाच्या खाटेपाशी आणि उशिरा मिळाली. ती आधी मिळवायची असेल तर परजीवीच्या जनुकातल्या खुणा वाचाव्या लागतील, आणि त्या वाचण्याची जागा दूरच्या सीमेवरच्या जंगलाइतकीच इंद्रलोकसारखी, माणसं येऊन राहणारी उपनगरंही आहेत, असं मला या इतिहासावरून वाटतं.

शहर आणि हिवताप यांचं नातं इथे जुनं आहे. स्टीफेन्सी डासाचं शास्त्रीय वर्णन डब्ल्यू. ग्लेन लिस्टन यांनी १९०१मध्ये केलं, ते एलिचपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला, केलेल्या निरीक्षणांवरून. हाच डास पुढे मुंबईच्या विहिरींत आणि टाक्यांत सापडला. अलेक्झांड्रा गोदीचं बांधकाम चालू असताना त्या भागात तापाची मोठी साथ आली. सी. ए. बेंटली यांनी १९११च्या आपल्या अहवालात मुंबईच्या हिवतापाचा ठपका घरोघरच्या विहिरींवर ठेवला. विहिरी बुजवण्यावरून तेव्हा बराच वाद झाला, कारण पारशी आणि हिंदू कुटुंबांच्या धर्मविधींत विहिरीच्या पाण्याला मान होता. आपल्या विषयापुरती त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची: मुंबई परिसरात हिवताप वाढला तो बांधकामाच्या पाण्याबरोबर आणि बाहेरून आलेल्या मजुरांच्या गर्दीबरोबर. गोदीच्या जागी गृहसंकुलं आली, विहिरीच्या जागी गच्चीवरची टाकी आली. डास तोच राहिला.

परजीवी मात्र तोच राहिला नाही, आणि त्याला बदलायला लावणारं औषध होतं क्लोरोक्विन. हान्स आंडेरझाग या रसायनशास्त्रज्ञाने ते १९३४मध्ये बायरच्या प्रयोगशाळेत तयार केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते जगभर पसरलं. स्वस्त, सोसवणारं आणि एका दिवसात ताप उतरवणारं औषध याआधी कुणी पाहिलं नव्हतं. भारतात १९५३ला राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ला त्याचं नाव निर्मूलन कार्यक्रम झालं. डीडीटीच्या फवारणीने रुग्णसंख्या १९६१मध्ये पन्नास हजारांच्या आसपास उतरली, आणि १९७६मध्ये ती चौसष्ट लाखांवर उसळली. या उसळीनंतर गावोगाव ताप उपचार केंद्रं निघाली. नियम साधा होता. ताप आलेला माणूस दिसला की त्याच्या बोटातून रक्त काचपट्टीवर घ्यायचं आणि तपासणीचा निकाल येण्याआधीच प्रौढाला क्लोरोक्विनच्या चार गोळ्या द्यायच्या. एका गोळीत १५० मिलिग्रॅम औषध, म्हणजे एकूण ६०० मिलिग्रॅम. हिवताप पुरता मारायला प्रौढाला तीन दिवसांत सुमारे १,५०० मिलिग्रॅम लागतं. पट्टी प्रयोगशाळेत जाऊन, तिचा निकाल परत येऊन, कर्मचारी पुन्हा त्या घरी पोचला तर उरलेलं औषध मिळायचं. घर सापडलं नाही, माणूस कामावर गेला, हंगाम संपून गाव सोडून गेला, तर चार गोळ्यांवरच विषय संपायचा.

त्या काळच्या अधिकाऱ्यांकडे दुसरा मार्ग फारसा नव्हता. तापाने फणफणलेल्या माणसाला पंधरा दिवस थांब म्हणता येत नाही. तरीही हिशोब हिशोबच असतो. अपुऱ्या मात्रेत दुबळे परजीवी मरतात आणि ज्यांना थोडं जास्त सोसतं ते मागे राहतात. थायलंड-कंबोडिया सीमेवर आणि दक्षिण अमेरिकेत कोलंबियाच्या बाजूला क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपेरम, म्हणजे हिवतापाच्या परजीवींतली सर्वांत घातक जात, १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून दिसू लागला होता. ब्राझीलमध्ये तर जेवणाच्या मिठातच क्लोरोक्विन मिसळून वाटण्याचा प्रयोग झाला, आणि त्यातून सतत मिळणाऱ्या तुटपुंज्या मात्रेने प्रतिरोध पोसला असं अनेक अभ्यासक मानतात. भारतात पहिली नोंद १९७३ची, आसामच्या कार्बी आंगलाँग भागातली. तिथून पुढच्या दोन दशकांत प्रतिरोध पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे सरकत आला.

मुंबईत तो ओळखला गेला तो रुग्णांच्या चिवट पाठपुराव्यामुळे. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या औषधशास्त्र विभागातल्या सहकाऱ्यांनी १९९५मध्ये दोन गोष्टी प्रसिद्ध केल्या. एक, मुंबईत हिवताप परतला आहे आणि त्यासोबत औषधांना न जुमानणारे परजीवीही आले आहेत. दुसरी, त्याहून अनपेक्षित: फाल्सिपेरमपेक्षा सौम्य समजला जाणारा, शहरात सर्वांत जास्त आढळणारा व्हायव्हॅक्स हा परजीवीही काही रुग्णांत क्लोरोक्विनला दाद देत नाही. व्हायव्हॅक्सचा असा प्रतिरोध जगात पहिल्यांदा १९८९मध्ये पापुआ न्यू गिनीत नोंदला गेला होता. याच विभागातल्या डॉ. निथ्या गोगटे आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये दाखवून दिलं की व्हायव्हॅक्स उलटू नये म्हणून दिली जाणारी प्रायमाक्विनची पाच दिवसांची मात्रा निरुपयोगी आहे, चौदा दिवसांचीच द्यावी लागते. तोवर पाच दिवसांची मात्रा हेच देशाचं अधिकृत धोरण होतं. या कामामागे काय असतं ते लक्षात घ्यायला हवं. ताप उतरलेला माणूस स्वतःला बरा समजतो. त्याला सातव्या दिवशी, चौदाव्या दिवशी, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा बोलवायचं, पुन्हा बोटाला सुई टोचायची, सूक्ष्मदर्शकाखाली पट्टीवरची शंभर-दोनशे क्षेत्रं तपासायची. एवढ्या मेहनतीनंतरही हाती येतो तो निकाल औषध निकामी झाल्यानंतरचा असतो.

याच काळात साता समुद्रापार एक वेगळा शोध चालू होता. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत थॉमस वेलेम्स यांच्या गटाने क्लोरोक्विनला बळी पडणारा आणि न पडणारा अशा दोन फाल्सिपेरम वाणांचा संकर घडवला आणि त्यांच्या संततीत प्रतिरोध कोणत्या गुणसूत्रासोबत जातो ते पाहिलं. १९९१पर्यंत बोट सातव्या गुणसूत्रावर ठेवता आलं. नेमकं जनुक सापडायला आणखी नऊ वर्षं गेली. २०००मध्ये डेव्हिड फिडॉक आणि वेलेम्स यांच्या गटाने पीएफसीआरटी हे जनुक जाहीर केलं. त्याचं काम समजायला सोपं आहे. परजीवी तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारं हीम त्याला विषारी असतं, म्हणून तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक करून आपल्या पचनपिशवीत साठवतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे काळपट ठिपके ते हेच. क्लोरोक्विन या पिशवीत साचतं आणि स्फटिक होऊ देत नाही, मग परजीवी स्वतःच्याच कचऱ्याने मरतो. पीएफसीआरटी हे त्या पिशवीच्या भिंतीतलं दार आहे. त्याच्या ७६व्या जागी मुळात लायसिन हे अमिनो आम्ल असतं. डीएनएतलं एक अक्षर बदललं, एएएचं एसीए झालं, की तिथे थ्रिओनिन येतं आणि ते दार क्लोरोक्विन बाहेर ढकलू लागतं. आसपासच्या इतर जागांवरही काही बदल लागतात, पण या एका अक्षराशिवाय ते घडत नाही.

एकदा अक्षर कळल्यावर परजीवीचं हस्ताक्षरही ओळखता येऊ लागलं. या जनुकाच्या ७२ ते ७६ या पाच जागांवर औषधाला बळी पडणाऱ्या वाणात सी-व्ही-एम-एन-के अशी ओळ असते. आग्नेय आशियातून आफ्रिकेत गेलेल्या प्रतिरोधी वाणात सी-व्ही-आय-ई-टी, तर दक्षिण अमेरिकेत आणि पापुआ न्यू गिनीत एस-व्ही-एम-एन-टी. भारताच्या शेजारी म्यानमार, म्हणून इथे आग्नेय आशियाची ओळ सापडेल असा कुणाचाही अंदाज असता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या गटाने २००४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देशभर प्रामुख्याने दिसली ती एस-व्ही-एम-एन-टी. आग्नेय आशियाची ओळही इथे आहे, पण ती मुख्यतः ईशान्येकडे. जनुकाच्या आजूबाजूचा डीएनए तपासणाऱ्या पुढच्या अभ्यासांनी भारतातल्या या वाणाचं नातं पापुआ न्यू गिनीच्या कुळाशी जोडलं.

याचा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. औषध निकामी झालं की आपल्याकडे पहिलं बोट रुग्णाकडे जातं: गोळ्या अर्धवट सोडतात, दुकानातून मनाने औषध घेतात. त्यात तथ्य आहे, पण ते पुरेसं नाही. प्रत्येक गावात, प्रत्येक अर्धवट सोडलेल्या पाकिटातून प्रतिरोध नव्याने जन्मला असता तर जागोजाग निरनिराळ्या ओळी सापडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात महाराष्ट्रापासून दक्षिणेपर्यंत बहुतांशी एकच ओळ आहे. म्हणजे तो प्रतिरोध दुसरीकडे जन्मला, प्रवास करत आला, आणि इथे क्लोरोक्विनच्या सततच्या वापराने त्याला जागा करून दिली. ती जागा करून देण्यात एकट्या रुग्णाचा हात नव्हता. चार गोळ्यांचं धोरण होतं, निकाल वेळेवर न पोचवणारी यंत्रणा होती. माणसाला दोष देऊन हा प्रश्न सुटला नसता आणि सुटणारही नाही.

आणखी एक घटना याला जोडून पाहावी लागते. आफ्रिकेतल्या मालावीने १९९३मध्ये क्लोरोक्विनचा वापर थांबवला. दहा वर्षांच्या आत तिथले प्रतिरोधी परजीवी मागे पडले, जुना औषधाला बळी पडणारा वाण परतला, आणि २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्लोरोक्विन पुन्हा जवळजवळ प्रत्येक रुग्णाला लागू पडलं. आपल्याकडे असं का घडलं नाही? याचं एक कारण आपल्या शहरांत आहे. मुंबई आणि उपनगरांतला बहुसंख्य हिवताप व्हायव्हॅक्स आहे, आणि त्याचा पहिला उपाय आजही क्लोरोक्विनच आहे. फाल्सिपेरमसाठी हे औषध बंद झालं तरी ते रक्तांत फिरत राहिलं. एकाच माणसात दोन्ही परजीवी असतात, एकाच वस्तीत तर असतातच. व्हायव्हॅक्सच्या रुग्णाला दिलेली प्रत्येक गोळी फाल्सिपेरमच्या त्या एका अक्षराला टिकून राहायला मदत करते. एस-व्ही-एम-एन-टी हा वाण औषध नसतानाही फारसा कमजोर पडत नसावा, हे दुसरं कारण अभ्यासक देतात. दोन्ही एकत्रही खरी असू शकतात. पण पहिलं कारण आपल्या धोरणातून आलेलं आहे, म्हणून ते अधिक मनावर घ्यायला हवं.

आता उशिराचा हिशोब करू. आसामातली पहिली नोंद १९७३ची. फाल्सिपेरमच्या प्रत्येक रुग्णाला देशभर आर्टेमिसिनिन या नव्या औषधावर आधारलेलं जोडऔषध मिळेल असं धोरण २०१०मध्ये आलं. मधल्या सदतीस वर्षांत धोरण जिल्ह्याजिल्ह्याने बदलत गेलं, कारण प्रत्येक ठिकाणी पुरेसे रुग्ण औषध घेऊनही बरे झाले नाहीत हे आधी सिद्ध व्हावं लागे. महाराष्ट्रात याची सर्वांत जड किंमत गडचिरोलीसारख्या जिल्ह्याने मोजली, जिथे फाल्सिपेरम जास्त आणि दवाखाना दूर. आणि जोडऔषध आलं तेव्हाही त्यातलं जोडीचं औषध, सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन, आधीच खिळखिळं होऊ लागलं होतं. या औषधाच्या प्रतिरोधाच्या खुणा डीएचएफआर आणि डीएचपीएस या दोन जनुकांत पायरीपायरीने चढतात: आधी १०८व्या जागी एक बदल, मग ५९व्या, मग ५१व्या. भारतातल्या नमुन्यांत या पायऱ्या वर्षागणिक वाढत गेल्याचं दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २००४मध्येच दाखवलं होतं. ईशान्येत ते जोडऔषध बदलायला २०१३ उजाडलं. खुणा हाती होत्या. त्या धोरणाच्या टेबलापर्यंत पोचायला नऊ वर्षं लागली.

आर्टेमिसिनिनच्या बाबतीत परिस्थिती वेगळी आहे, आणि या इतिहासात ती पहिल्यांदाच वेगळी आहे. पश्चिम कंबोडियातल्या पायलिनमध्ये २००८-०९च्या सुमारास औषधाने परजीवी मरायला वेळ लागू लागल्याचं दिसलं. २०१४मध्ये फ्रेडरिक आरिए आणि सहकाऱ्यांनी त्याची खूण शोधली: केल्च-१३ हे जनुक. रुग्णांतलं सुरुवातीचं निरीक्षण आणि जनुकाचा शोध यांत पाच-सहा वर्षं गेली, क्लोरोक्विनच्या बाबतीत चाळीसच्या आसपास गेली होती. २०१८मध्ये कोलकात्याच्या संशोधकांनी पूर्व भारतातल्या काही रुग्णांत केल्च-१३मधले बदल आणि मंदावलेला प्रतिसाद नोंदवला. त्यावर मतभेद झाले आणि जोडऔषध अजून चालतं असं राष्ट्रीय पातळीवर सांगितलं गेलं. २०२०मध्ये रवांडात आणि लगोलग युगांडात असेच बदल सापडले, आणि तिथे ते कंबोडियातून न येता स्थानिक पातळीवर जन्मले होते. म्हणजे खूण परदेशातून येईल तशीच घरातही उगवू शकते. आपण दोन्हीकडे लक्ष ठेवलं पाहिजे.

इथे गंभीर आक्षेप येतात आणि त्यांना बगल देता येणार नाही. पहिला: मिरा-भाईंदर काय, मुंबई काय, इथे व्हायव्हॅक्स जास्त, आणि व्हायव्हॅक्सच्या क्लोरोक्विन प्रतिरोधाची भरवशाची जनुकीय खूण अजून नाही. पीव्हीएमडीआर-१ या जनुकातल्या ९७६व्या जागेकडे बोट दाखवलं जातं, पण ते सर्वत्र लागू पडत नाही. व्हायव्हॅक्स प्रयोगशाळेत सलग वाढवता येत नाही, शिवाय तो यकृतात महिनोन्महिने निद्रिस्त राहतो. महिनाभराने परत आलेला ताप हा औषधातून वाचलेल्या परजीवीचा, यकृतातून जागा झालेल्याचा की नव्या डासाचा, हे ओळखणंच अवघड. त्यात प्रायमाक्विन कामाचं व्हायला रुग्णाच्या शरीरात सीवायपी-२डी-६ हे विकर नीट चालावं लागतं. काही माणसांत ते चालत नाही, तेव्हा दोष परजीवीकडे नसतोच. हा आक्षेप खरा आहे. त्याचं उत्तर असं की परळमध्ये १९९५ला ज्या पद्धतीने व्हायव्हॅक्सचा प्रतिरोध पकडला, ती रुग्णाला २८ दिवस धरून ठेवण्याची पद्धत सोडून चालणार नाही. त्याच रुग्णांचं रक्त जपून ठेवलं, तर उद्या खूण सापडेल तेव्हा मागचा इतिहासही उलगडता येईल. आज जपलं नाही तर ते दार कायमचं बंद होईल.

दुसरा आक्षेप खुणेच्या भरवशाचा. माली देशात केलेल्या आणि २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्लोरोक्विन ज्यांना लागू पडलं नाही त्या सगळ्यांच्या परजीवींत ७६व्या जागेचा बदल होता. पण तोच बदल असूनही बरे झालेले रुग्णही बरेच होते, कारण वयाने मोठ्या माणसांची प्रतिकारशक्ती औषधाला साथ देते. म्हणून एका माणसाचं औषध जनुक पाहून ठरवायचं नसतं. खूण वस्तीची वाचायची असते: या वर्षी किती नमुन्यांत आहे, मागच्या वर्षी किती होती, चढ कुठल्या दिशेने आहे. तिसरा आक्षेप म्हणजे पैसा डासांवर खर्च करा. तो मला मान्यच आहे. टाकीचं झाकण घट्ट असेल आणि स्लॅबवरचं पाणी दर आठवड्याला उपसलं जात असेल तर जनुकांची चर्चा करायची वेळच कमी येईल. पण २०१०मध्ये मुंबईत हिवतापाच्या रुग्णांनी पाऊण लाखाचा आकडा गाठला, तेव्हा डासांवरची मोहीम बंद नव्हती. डास आटोक्यात आणायला वर्षं लागतात, आणि त्या वर्षांत दिलेलं औषध चालायला हवं.

चौथा प्रश्न माणसांच्या मानाचा आहे. नाक्यावरच्या मजुराचं रक्त तपासा म्हटलं की त्याला रोगाचा वाहक ठरवायला वेळ लागत नाही. गोव्यात १९८६नंतर हिवताप परतला तो बांधकामाच्या लाटेबरोबर. तिथे बांधकाम मजुरांना आरोग्य कार्ड सक्तीचं झालं. कार्डामुळे तपासणी आणि उपचार दारापर्यंत पोचले हे चांगलं झालं. पण ते कामावर ठेवण्याची अट बनलं की ताप लपवला जातो, आणि लपवलेला ताप दुकानातल्या सुट्या गोळीकडे वळतो. डास मजुराच्या गावाहून आलेला नसतो, तो आपल्या स्लॅबवर वाढलेला असतो. म्हणून तपासणी त्या जागेची व्हावी, नमुन्यावर नाव नसावं, आणि उपचार निकालावर अवलंबून नसावा. याच गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात दक्षिण आशियातल्या हिवतापाच्या उत्क्रांतीचं एक आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र उभं राहिलं. तिथे रुग्णांचे परजीवी जमवून त्यांचा जनुकीय अभ्यास झाला, आणि कोकणाच्या पलीकडच्या टोकाला हे जमलं तर अलीकडच्या टोकाला न जमण्याचं कारण नाही.

यासाठी लागणारी वस्तू फार लहान आहे. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात तापाच्या रुग्णाच्या अनामिकेला सुई टोचतात, पहिला थेंब कापसाने पुसतात, पुढच्या थेंबांनी काचपट्टीवर एक जाड आणि एक पातळ थर घेतात, कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक लिहितात. बोट अजून हातातच असतं. आणखी एक थेंब जाड गाळणकागदावर टेकवला की बोराएवढा लाल डाग पडतो. तासा-दोन तासांत तो सुकून तपकिरी होतो. ओल शोषणाऱ्या पुडीसह छोट्या प्लास्टिक पिशवीत बंद केला तर फ्रीजशिवायही तो कित्येक महिने टिकतो, आणि टपालाने कुठल्याही प्रयोगशाळेत जाऊ शकतो. तिथे त्या डागातून पीएफसीआरटीची पाच अक्षरं, डीएचएफआरच्या पायऱ्या आणि केल्च-१३ एकाच दमात वाचता येतात. इंद्रलोकच्या एका पावसाळ्यातले असे कागद एका बुटाच्या खोक्यात मावतील.